दुसऱ्याचा कुत्रा

कुत्रा हा माणसाचा फार जुना सोबती आहे. माणूस शेती करू लागला, घरे बांधून एका जागी राहू लागला, त्याच्याही पुष्कळ आधी हा प्राणी त्याच्या शेकोटीपाशी येऊन बसला होता. आपल्या कथांतही त्याला मानाचे स्थान मिळाले आहे. महाभारताच्या अखेरीस धर्मराज स्वर्गाच्या वाटेने निघाला, तेव्हा द्रौपदी आणि चौघे भाऊ वाटेत एकेक करून पडले; शेवटपर्यंत सोबत राहिला तो एक कुत्रा, आणि त्याला टाकून स्वर्गात पाऊल ठेवण्यास धर्मराज तयार झाला नाही. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्याला ती कोरडी खावी लागू नये, म्हणून तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावणाऱ्या संत नामदेवांची गोष्ट तर घरोघर सांगितली जाते.

या प्राण्याचा सर्वांत मोठा गुण कोणता, असे विचारले तर लहान मूलही उत्तर देईल, की इमान. परंतु या शब्दाचा थोडा खोल विचार केला पाहिजे. इमान हे सर्वांशी सारखे नसते. ते कोणाशी तरी असते. ज्याने भाकरतुकडा घातला, ज्याच्या दारात निजायला जागा मिळाली, त्याच्याशी कुत्रा इमानाने वागतो. त्याचे घर, त्याची मुले, त्याच्या वस्तू यांची तो राखण करतो. आपण मात्र त्याच्या दृष्टीने परके असतो. जो गुण त्याला धन्याचा लाडका बनवतो, तोच गुण त्याला परक्याविषयी सावध करतो. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली, तर दुसऱ्याच्या कुत्र्याशी कसे वागावे हे समजणे कठीण नाही.

पवना आणि इंद्रायणी या नद्यांच्या काठापासून चाकणपर्यंतचा मुलूख पूर्वी शेतीवाडीचा होता. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी औषधांचा कारखाना स्थापन झाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि पुढे कारखान्यांची रांगच उभी राहिली. १९७० साली पिंपरी-चिंचवडची नगरपालिका झाली. १९८२ साली ती महानगरपालिका बनली. दूरदूरच्या गावांतून माणसे कामासाठी आली. अंगणाच्या घरांच्या जागी अनेक मजल्यांच्या इमारती आल्या. घर बदलले, तसे कुत्र्याचे जिणेही बदलले. पूर्वी तो ओसरीवर बसे आणि वाटेल तेव्हा शेताकडे धावत सुटे. आता तो सातव्या मजल्यावर राहतो, उद्वाहनातून, म्हणजे लिफ्टमधून, खाली उतरतो आणि गळ्यातील पट्ट्याच्या लांबीएवढेच त्याला फिरता येते. त्याला मोकळे धावता यावे म्हणून मोठ्या शहरांत कुंपण घातलेली खास उद्याने निघाली. हैदराबादेत कोंडापूर येथे २०१८ साली असे उद्यान झाले. पिंपरी-चिंचवडमध्येही पिंपळे सौदागर येथे महानगरपालिकेने कुत्र्यांसाठी उद्यान केले आहे.

अशा उद्यानात गेलेल्या मुलाला प्रथम मोठी मौज वाटते. कोणी केसाळ, कोणी ठेंगणा, कोणी वासराएवढा उंच. सारे धावत असतात, एकमेकांना हुंगत असतात. पण विसरू नये, की यांतील प्रत्येक कुत्रा कोणाचा तरी आहे आणि आपला एकही नाही. शिवाय येथे त्यांच्या गळ्यातील दोरी सुटलेली असते. एकटा असताना शांत असणारा कुत्राही चार कुत्र्यांच्या घोळक्यात भान हरपून धावतो. म्हणून उद्यानात शिरण्यापूर्वी क्षणभर बाहेर उभे राहून पाहावे. अशा उद्यानांना बहुधा एकामागे एक अशी दोन फाटके असतात. पहिले नीट लावल्यावाचून दुसरे उघडू नये. फाटकापाशी नव्या येणाऱ्याभोवती सर्व कुत्रे गोळा होतात आणि भांडणे बहुधा तेथेच जुंपतात. तेव्हा तेथे रेंगाळू नये. हातात किंवा खिशात खाऊ नेऊ नये. आरडाओरडा करू नये, धावण्याची शर्यत लावू नये. दुसऱ्याच्या कुत्र्याचा चेंडू उचलू नये, कारण तो चेंडू त्याची मालमत्ता होय. फारच लहान भावंडे बरोबर असतील, तर त्यांना कुंपणाबाहेरच थांबवावे. पाठीमागून धावत आलेल्या कुत्र्याच्या नुसत्या धक्क्यानेही ती कोसळतात.

एखाद्या कुत्र्याला गोंजारावेसे वाटले, तर काय करावे? दोन जणांची परवानगी घ्यावी. पहिली त्याच्या धन्याची. "काका, तुमच्या कुत्र्याला हात लावू का?" किंवा "मावशी, याला परके चालतात का?" असे विचारण्यात कमीपणा नाही. नाही म्हटले, तर राग न मानता मागे फिरावे. दुसरी परवानगी खुद्द कुत्र्याची. ती शब्दांनी मिळत नाही. त्याच्या वागण्यावरून ओळखावी लागते. त्याच्या अंगावर न जाता थोडे बाजूला उभे राहावे, हात खाली सैल सोडावा, आणि त्याला स्वतःहून जवळ येऊन हुंगू द्यावे. वास घेणे हीच कुत्र्याची ओळख करून घेण्याची रीत आहे. तो जवळ आला, अंग सैल ठेवून उभा राहिला, तर त्याच्या छातीवरून किंवा मानेच्या बाजूने हळुवार हात फिरवावा. एकदम डोक्यावर हात नेऊ नये. वरून येणारा हात त्याला माराचा वाटतो. गळ्याला मिठी मारू नये, तोंडाजवळ तोंड नेऊ नये. आपल्याला मिठी म्हणजे माया. त्याला ती पकड वाटते. आणि तो मागे सरला किंवा त्याने मान फिरवली, तर त्याचा नकार समजावा.

कुत्रा बोलत नाही, पण त्याचे सर्व अंग बोलत असते. पुष्कळांची अशी समजूत असते, की शेपूट हलवणारा कुत्रा चावत नाही. ही समजूत अपुरी आहे. सारे अंग डोलवीत, सैलपणे हललेली शेपटी आनंद दाखवते. परंतु शेपटी उंच आणि ताठ असून जलद थरथरत असेल, तर तो कुत्रा प्रक्षुब्ध झालेला असतो. कान मागे दाबलेले, पाठीवरचे केस उभे, अंग ताठरलेले, ओठ वर उचलून दात दिसत आहेत, डोळ्यांचा पांढरा भाग कडेने चमकतो आहे, अशी चिन्हे दिसताच दूर व्हावे. शेपटी पायांत घालून कोपऱ्यात दबलेला कुत्रा गरीब दिसतो, पण सुटकेची वाट नसलेला भित्रा प्राणीच अनेकदा चावतो. गुरगुरणे ही तर त्याने दिलेली सरळ सूचना आहे. तिचा राग मानू नये. उलट आभार मानून मागे सरावे.

उद्यानाबाहेरही दुसऱ्यांचे कुत्रे आपल्याला रोज भेटतात. भोसरी-चाकणच्या रस्त्यांवर कारखान्यांच्या फाटकाशी पहारेकऱ्यांजवळ कुत्रे बसलेले असतात. पाळीहून उशिरा परतणारा कामगार आणि पहाटे शिकवणीला निघालेला विद्यार्थी या दोघांनाही त्यांची गाठ पडते. खेड तालुक्याच्या शिवारात मेंढपाळांचे वाडे उतरतात; तेथील कुत्रे लांडग्यापासून मेंढरे राखण्यासाठी पाळलेले असतात. हे कुत्रे दुष्ट नव्हेत. ते आपली नोकरी करीत असतात. फाटक, कळप, घराचा उंबरठा ही त्यांची सीमा. ती न ओलांडता थोडे दुरून जावे, किंवा धन्याला हाक मारून वाट मागावी. फाटकाच्या गजांतून हात घालू नये. बांधलेल्या, जेवत असलेल्या, झोपलेल्या, आजारी अथवा पिलांजवळ बसलेल्या कुत्र्याच्या वाटेस जाऊ नये. मग तो ओळखीचा का असेना. लिफ्टमध्ये कोणी कुत्रा घेऊन उभे असेल, तर पुढच्या खेपेची वाट पाहावी. एवढ्याने आपला एखादा मिनिट जातो, इतकेच.

आणि एवढे करूनही एखादा कुत्रा अंगावर धावून आलाच, तर? पहिला विचार मनात येतो पळण्याचा, आणि तोच सर्वांत घातक ठरतो. पळणाऱ्याचा पाठलाग करणे हा कुत्र्याचा स्वभाव आहे आणि वेगात माणूस त्याला हरवू शकत नाही. अशा वेळी झाडासारखे उभे राहावे. पाय रोवावेत, हात अंगालगत घ्यावेत, नजर जमिनीकडे ठेवावी, ओरडू नये. कुत्र्याच्या डोळ्यांत रोखून पाहणे म्हणजे त्याला आव्हान देणे. तुम्ही हलत नाही असे दिसले, की बहुधा त्याचा उत्साह ओसरतो. मग पाठ न फिरवता हळूहळू मागे सरावे. सायकलीवर असाल, तर सांभाळून थांबावे, खाली उतरावे आणि सायकल दोघांच्या मध्ये धरावी. हातातील दप्तरही असेच पुढे धरता येते. दुर्दैवाने खाली पडलात, तर कासवासारखे अंग आखडून घ्यावे, गुडघे पोटाशी घेऊन दोन्ही हातांनी मान आणि कान झाकावेत. दोन कुत्र्यांची झुंज लागली, तर ती सोडवायला हात घालू नये. ते काम मोठ्या माणसांचे आहे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. तिच्यासाठी आपल्याला फ्रान्स देशात जावे लागेल. १८८५ सालच्या जुलै महिन्यात आल्सास प्रांतातील जोसेफ मेस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला एका पिसाळलेल्या कुत्र्याने चावे घेतले. तो कुत्रा रानटी नव्हता. एका वाण्याचा पाळीव कुत्रा होता. मुलाच्या अंगावर चौदा जखमा झाल्या होत्या. त्या काळी पिसाळलेला कुत्रा चावला म्हणजे मृत्यू अटळ मानला जाई. परंतु त्याच्या आईने हातपाय गाळले नाहीत. ती मुलाला घेऊन पॅरिसला लुई पाश्चर या शास्त्रज्ञाकडे गेली. पाश्चर यांची लस तोवर माणसावर यशस्वी झालेली नव्हती. ते स्वतः डॉक्टर नसल्यामुळे त्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेतला आणि ६ जुलै रोजी डॉक्टरांच्या हातून पहिली लस टोचवली. काही दिवसांत तेरा वेळा लस टोचण्यात आली. मुलगा जगला. मोठेपणी तो पॅरिसच्या पाश्चर संस्थेतच रखवालदार झाला. पाश्चर यांची पुण्यतिथी, २८ सप्टेंबर, आज जागतिक रेबीज दिन म्हणून पाळली जाते. भारतातही १९०० साली कसौली येथे पाश्चर संस्था निघाली.

या रोगाचे नाव रेबीज. त्याचा विषाणू रोगी जनावराच्या लाळेत असतो. चाव्यातून, ओरखड्यातून किंवा उघड्या जखमेवर चाटल्याने तो शरीरात शिरतो आणि मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकू लागतो. या प्रवासाला बहुधा एक ते तीन महिने लागतात. कधी थोडे दिवस, तर कधी वर्षाहूनही अधिक. तेवढाच अवधी आपल्या हातात असतो. रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली, की त्यावर खात्रीचा इलाज आजही नाही. पिंपरीच्या कारखान्यात १९५५ सालापासून पेनिसिलीन तयार होऊ लागले आणि त्याने असंख्य रोग्यांचे प्राण वाचले. परंतु पेनिसिलीन जिवाणूंना मारते, विषाणूंना नव्हे. रेबीजपुढे तेही हतबल आहे. येथे लसच काय ती तारते, आणि तीही वेळेवर घेतली तर.

म्हणून कुत्रा चावला, की लगेच नळाखाली जखम धरून साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हा उपाय साधा आहे, पण त्याने पुष्कळसा विषाणू तेथल्या तेथे धुऊन जातो. जखमेला चुना, तिखट, हळद किंवा तेल लावू नये. मंत्रतंत्रात वेळ घालवू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. सरकारी आणि महानगरपालिकेच्या रुग्णालयांत ही लस मिळते. पिंपरीत संत तुकारामनगरात यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. जखम खोल असेल, तर लसीबरोबरच जखमेत आणखी एक औषध टोचावे लागते. पूर्वी या रोगासाठी पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत आणि त्या धास्तीने लोक दवाखाना टाळीत. ती जुनी लस भारतात केव्हाच बंद झाली. आताची लस दंडात ठरलेल्या दिवशी थोड्याच वेळा टोचतात. मात्र डॉक्टर सांगतील तितक्या सर्व मात्रा घ्याव्यात. मध्येच सोडू नयेत.

कुत्र्याच्या धन्याचे नाव विचारून घ्यावे आणि कुत्र्याला लस दिल्याचा दाखला पाहावा. त्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवावी लागते. पण "आमचा कुत्रा घरचा आहे, काही होत नाही," असे कोणी म्हटले, तरी तेवढ्यावर घरी बसू नये. दहा दिवस संपण्याची वाट न पाहता उपचार सुरू झाले पाहिजेत.

मुलांनो, कुत्रा चावल्यावर मुलाच्या मनात जी भीती येते, ती पुष्कळदा कुत्र्याची नसते. ती घरच्यांच्या रागाची असते. आईने जाऊ नको म्हटले असताना आपण गेलो, नको तेथे हात घातला, आता बोलणी बसतील, असे वाटून मूल बाही खाली ओढते आणि ओरखडा झाकते. जखम चार दिवसांत भरून येते, सर्व विसरून जातात. विषाणू मात्र विसरत नाही. जगात कुत्र्यांमुळे होणाऱ्या या रोगाला बळी पडणाऱ्यांत मुलांची संख्या मोठी आहे. बोलणी खाल्ल्याने कोणी मेलेले नाही. न सांगितल्यामुळे मात्र प्राण गेले आहेत. चूक तुमची असो वा कुत्र्याची, ओरखडा लहान असो वा मोठा, तो त्याच दिवशी आईला, वडिलांना किंवा शिक्षकांना सांगितलाच पाहिजे. सोबत्याला कुत्रा चावल्याचे दिसले आणि तो ते लपवू लागला, तर त्याच्या घरी जाऊन सांगणे ही चहाडी नव्हे. ती मैत्री होय.

कर्तव्य केवळ परक्याचेच आहे असे मात्र नाही. ज्याने कुत्रा पाळला, त्याने महानगरपालिकेचा परवाना घ्यावा, दरवर्षी कुत्र्याला लस टोचवावी, बाहेर नेताना पट्टा हातात ठेवावा. आपल्या जनावरापासून दुसऱ्यास इजा होऊ नये म्हणून काळजी न घेणे, हा भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमानुसार अपराध आहे. सर्वांनी मनावर घेतले, तर काय साधते हे आपल्या शेजारच्या गोव्याने दाखवले आहे. तेथे २०१३ सालापासून गावोगाव कुत्र्यांना लस टोचण्याची आणि शाळांतून मुलांना शिकवण्याची मोहीम चालली. २०२१ साली गोवा हे रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले. कुत्रे मारून नव्हे, त्यांना जपून हे काम झाले.

दुसऱ्याच्या घरी जाताना आपण दाराशी थांबतो, हाक मारतो, आत या म्हटल्यावर पाऊल टाकतो. दुसऱ्याच्या कुत्र्याशीही हीच रीत पाळावी. भीतीने दगड उचलू नये, की लाडाने अंगाशी झटू नये. अंतर राखणे हा तिरस्कार नव्हे. मुक्या जीवाविषयीचा तो आदरच आहे.

शब्दार्थ

इमान – निष्ठा. खाल्ल्या अन्नाला जागणे
ओसरी – घरापुढील छपराची बसण्याची जागा
उद्वाहन – माणसांना वरच्या मजल्यावर नेणारा पाळणा, लिफ्ट
प्रक्षुब्ध – खवळलेला
शिवार – गावाभोवतालची शेतजमीन
वाडा (मेंढपाळांचा) – मेंढरांसह मेंढपाळांचा मुक्काम
मज्जातंतू – मेंदूपर्यंत संवेदना नेणारे शरीरातील तंतू
हतबल – बळ संपलेला, निरुपाय झालेला
चहाडी – दुसऱ्याची कागाळी

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) कुत्रा परक्याविषयी सावध का असतो?
(आ) उद्यानातील कुत्र्याचा चेंडू का उचलू नये?
(इ) जोसेफ मेस्टरला चावलेला कुत्रा कोणाचा होता?
(ई) रेबीजवर पेनिसिलीनचा उपयोग का होत नाही?

२. थोडक्यात लिहा.
(अ) दुसऱ्याच्या कुत्र्याला हात लावण्यापूर्वी घ्यावयाच्या दोन परवानग्या.
(आ) कुत्रा अंगावर धावून आल्यास करावयाचे वर्तन.
(इ) कुत्रा चावल्यापासून दवाखान्यात पोचेपर्यंत करावयाच्या गोष्टी, क्रमाने.

३. कारणे द्या.
(अ) शेपूट हलवणारा प्रत्येक कुत्रा मित्र समजू नये.
(आ) सोबत्याची जखम त्याच्या घरी सांगणे ही चहाडी नव्हे.

४. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
हातपाय गाळणे, वाटेस जाणे, भान हरपणे, बोलणी खाणे.

५. उपक्रम
तुमच्या घराजवळ कुत्रा पाळणाऱ्या एखाद्या काका-काकूंना भेटा. कुत्र्याला लस केव्हा टोचली, त्याला काय आवडते आणि कशाची भीती वाटते हे विचारा. मिळालेली माहिती दहा ओळींत लिहून वर्गात वाचून दाखवा.